मखमली घेवडा

१४ जून १९८७, रविवार

आजपासून आयुष्य बदललं. दादरला पर्माकल्चरचं, म्हणजे कायम टिकणाऱ्या शेतीचं, तीन दिवसांचं शिबिर. हाफपँटीतला एक गोरा साहेब इंग्रजीत शिकवत होता. सगळं समजलं. फॉरेस्ट गार्डन म्हणजे खाता येईल असं जंगल. वर उंच झाड, त्याखाली बुटकं झाड, मग झुडूप, मग पालेभाजी, जमिनीवर पसरणारं काहीतरी, जमिनीच्या पोटात कंद आणि या सगळ्यांवर चढणारी वेल. सात थर. एकदा बसवलं की खत नको, फवारा नको, माणूस खुर्चीत. खुर्चीचा भाग मला फारच पटला.

आज तिसरा दिवस होता. गेलो नाही. नुसतं प्रॅक्टिकल होतं.

आमच्या बिल्डिंगच्या मागची जागा आहेच. सेक्रेटरी नंदकिशोर सबनीस तिथे सिमेंट ओतून स्कूटर-शेड करणार म्हणतोय. त्याला म्हटलं, माझ्या मढ्यावरून. तो म्हणाला, चालेल. शेवटी ठरलं ते असं: २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर मीटिंग. तोवर जंगल दिसलं तर जंगल, नाहीतर सिमेंट. मुलुंडमधलं पहिलं फॉरेस्ट गार्डन, प्रवर्तक विद्याधर धारप. पाटी पितळेची करावी.

२० जून, शनिवार

पहिलं तत्त्व: काही करायच्या आधी वर्षभर नुसतं बघा. मी चहाच्या आधी बघून घेतलं.

परिस्थिती भयंकर आहे. एक शेवगा, आम्ही राहायला आलो तेव्हा शुभाने लावलेला. त्याच्या सावलीत पपई. शेजारी कढीपत्ता. खाली अळू, त्याच्या कडेने पुदिना, मधेच कुठेतरी हळद. तळमजल्यावरचे काशीराम परब, गिरणीतून रिटायर, मूळचे मालवणकडचे, त्यांनी आपली नागवेल खुशाल आमच्या शेवग्यावर चढवलेली. निव्वळ माजलेलं रान. कुणी काहीही कुठेही लावलंय, प्लॅन म्हणून नाही. शुभा आणि काशीरामांच्या रुक्मिणीवहिनी रोज संध्याकाळी तिथल्या दगडावर गप्पा मारत बसतात, हाताला लागेल ते खुडतात आणि घरी येतात. याला काय डिझाइन म्हणायचं?

उद्या साफ करतो.

२१ जून, रविवार

कत्तल केली. कोयता भाड्याने आणला होता. शेवगा मऊ लाकडाचा, तीन घावांत आडवा. पपईची मुंडी उडवली. अळवावर नाचलो. काय मजा येते यार! ऑफिसात अकरा वर्षं साहेबासमोर दाबून ठेवलेलं सगळं कोयत्यात उतरलं. शेवटी शेवटी मी ओरडत होतो असं दुसऱ्या मजल्यावरून कळलं.

नागवेल तोडताना काशीराम बाहेर आले. म्हणाले, धारपानूं, ह्या बरा नाय केलास. मी त्यांना सात थर समजावून सांगू लागलो. तिसऱ्या थराला त्यांनी कानाखाली वाजवली. मी गालाने जोरदार प्रतिकार केला. त्यांचा हात नक्कीच दुखत असणार.

शुभा खाली आली. पडलेल्या शेवग्याचा पाला खुडून ओच्यात भरला आणि वर गेली. रात्री त्याचीच भाजी. डोळे लाल होते. कांदा.

५ जुलै, रविवार

डाव्या कानात शिटी वाजते. पण काम जोरात. नर्सरीतून रोपं आणली: पपई, कढीपत्ता, हळद, अळूचे कंद. शुभा म्हणाली, होतंच की हे सगळं. मी म्हटलं, ते डिझाइनमध्ये नव्हतं. तिने नर्सरीची पावती दोनदा वाचली. हळूहळू तिला विषय समजतोय.

पुढचं तत्त्व: पाणी वाहू द्यायचं नाही, चर खणून जिरवायचं. चर उताराला आडवा हवा. उतार कुठे आहे ते दिसेना, म्हणून गेटपासून आडवा खणायला घेतला. टिकाव पायावर पडला. अंगठ्याचं नख गेलं. भिंतीला टिकाव फेकून मारला, तो उलटा येऊन गुडघ्याला लागला. साल्या टिकावाला दोन लाथा घातल्या. त्यातल्या दुसऱ्या लाथेत दुसरं नख गेलं.

१९ जुलै, रविवार

झकास! चर काठोकाठ भरला. वरून गढूळ पाणी, खाली जमीन, फरक म्हणून दिसत नाही. निसर्गाची कमाल.

दुपारी नंदकिशोर व्हेस्पासकट आत गेला.

बाहेर आला तो थेट माझ्या गळ्यावर. मी त्याच्या डोक्यात झारी घातली. झारीचं नाक वाकलं, त्याचंही थोडं. मग आम्ही दोघंही चरात. त्याने माझं डोकं पाण्यात दाबलं, मी त्याच्या मांडीला चावलो, त्याच्या बायकोने सुलक्षणाने वरून आम्हा दोघांवर बादली ओतली, कुत्रं समजून. शेवटी माझा पुढचा दात त्याच्या मुठीवर जोरात आदळला. मूठ फुटली. दात सध्या माझ्याकडे नाही.

काशीराम खिडकीत बसून चणे खात होते. एकदाही मधे पडले नाहीत. एवढी लढाई फुकट बघितली म्हातार्‍याने.

नर्सरीची रोपं चराच्या पाण्यात कुजली. हरकत नाही. तो पहिला प्रयोग होता.

१ ऑगस्ट, शनिवार

मूळ चूक सापडली. जमिनीत नत्र नाही! शिबिराच्या चक्रमुद्रित कागदांत स्पष्ट लिहिलंय: आधी नत्र धरणारी वेल लावा. नाव म्युकुना, म्हणजेच व्हेलव्हेट बीन. मी लगेच मराठी केलं: मखमली घेवडा. काय शब्द आहे! गोऱ्या साहेबालाही सुचला नसता.

बियाण्याच्या दुकानांत कुणालाच माहीत नाही. अडाणी. शेवटी एका काष्ठौषधीवाल्याला लॅटिन नाव कागदावर लिहून दाखवलं. त्याने डोळा मारला. लग्नाला किती वर्षं झाली, असं विचारलं. मी म्हटलं, बारा. तो म्हणाला, मग दुधातून घ्या. मी म्हटलं, मला घ्यायचं नाही, मागच्या बाजूला लावायचं आहे. त्यावर तो इतका हसला की त्याच्या हातून तराजू पडला. धंदा करायची अक्कल नाही लोकांना. बी मात्र टपोरं आहे.

१३ सप्टेंबर, रविवार

वेल! वेल!! वेल!!! भिंतीवर, नळावर, दांडीवर, काशीरामांच्या खिडकीच्या गजांवर. सबनीसच्या स्कूटरला तिने रात्रीत मिठी मारली. त्याने कापायला सुरी आणली, मी कोयता आणला. पंधरा मिनिटं आम्ही एकमेकांभोवती फिरलो. शेवटी त्याला पाणी भरायला जावं लागलं. विजय!

जंगल म्हणतात ते हेच. सात थरांपैकी एकच आलाय, पण तो सातांइतका आलाय.

११ ऑक्टोबर, रविवार

किडीसाठी कोंबडा आणला होता. नैसर्गिक नियंत्रण. त्याने कीड सोडून माणसं धरली. पोस्टमनची पोटरी, सुलक्षणाचं पैंजण, शुक्रवारी रुक्मिणीवहिनींची नडगी. रक्त आलं. काल त्याने माझ्याही हाताचा लचका काढला, तेव्हा त्याचा मला अभिमान वाटला.

आज कोंबडा नाही. तळमजल्यावरून दुपारी कोंबडी-वड्यांचा वास. मी जाऊन विचारलं. काशीराम म्हणाले, खंयचो कोंबडो? तोंड पुसत म्हणाले. मी त्यांना धक्का दिला, त्यांनी मला परतीचा दिला, मी त्यांच्या दारासमोरच्या चार पायऱ्या खाली. कोपर फुटलं.

वर आलो तर शुभा ताटलीतला दुसरा वडा खात होती. खाली बसायची जागा गेल्यापासून ती आणि रुक्मिणीवहिनी जिन्यात भेटतात वाटतं. तिला म्हटलं, आपण कोंबडी खात नाही. ती म्हणाली, मी वडाच खातेय. रस्सा कशाला लावलाय ते विचारलं नाही. पडलेल्या दातामुळे बोलताना शिटी वाजते.

३ जानेवारी १९८८, रविवार

शेंगा! जांभळी फुलं गळून घोसच्या घोस लागलेत. सोनेरी-तपकिरी, अंगावर बारीक रेशमी लव. उन्हात अशा चमकतात की बघत राहावं. शब्द किती अचूक निवडला मी!

काशीरामांनी आज मागच्या सगळ्या खिडक्या बंद करून फटींत कागद कोंबले. दांडीवरचे कपडेही उचलून नेले. म्हातारा खचला. मला बघून हात जोडले आणि एकटाच हसला. हार अशी डोक्यात जाते माणसाच्या.

आता मीटिंगची तयारी. फ्लॅट शुभाच्या वडिलांनी घेऊन दिलेला, तिच्या नावावर आहे, त्यामुळे मत तिचं. ही केवळ टेक्निकल बाब. बाकीच्यांचं काय? तर पुरुष हात वर करतात तो घरून सांगून पाठवलेलं असतं तसा. म्हणजे बायका जिंकायला हव्यात. शुभाचं हळदीकुंकू २२ला आहे. ती वाण म्हणून प्लॅस्टिकच्या गाळण्या लुटणार आहे. गाळण्या! घरात साक्षात जंगल असताना!

२२ जानेवारी, शुक्रवार, सकाळी

अंधारात उठून शेंगा तोडल्या. थंडीमुळे माकडटोपी, स्वेटर, मफलर, लोकरीचे हातमोजे असा जामानिमा. दवाने सगळं ओलं होतं. मनगटाला जरा चुरचुरलं. थंडीने कातडी उलतेच.

दिवसभर शेंगा गच्चीवर वाळवतो. संध्याकाळी गाळण्यांची पिशवी लपवायची आणि प्रत्येकीला पाच-पाच मखमली शेंगा, कागदी पुडीत. जंगलाचं वाण. शुभाला सरप्राइज.

२२ जानेवारी, संध्याकाळी

डावा डोळा उघडत नाही. उजव्याने लिहितोय.

सुरुवात झकास. पैठण्या, गजरे, तिळगूळ. मी स्वतः पुड्या वाटल्या आणि म्हटलं, हात फिरवून बघा, मखमल आहे. त्यांनी फिरवला. सुलक्षणाने तर गालावर फिरवला. कुणी ओटीत घेतल्या, कुणी पदरात बांधल्या. रुक्मिणीवहिनी कपाळावर घाम पुसत उशिरा आल्या. पुडी उघडून एकदा आत बघितलं आणि त्यांच्या तोंडून जी किंकाळी फुटली ती ठाण्यापर्यंत गेली असेल. म्हणाल्या, गे बाये, ही तर खाजकुयली!

मी म्हटलं, नाही वहिनी, मखमली घेवडा.

तोवर वाट लागली होती. हॉलमध्ये नुसती नखं. बायका भिंतीला पाठी घासतायत, एकमेकींना ओरबाडतायत, सुलक्षणा गालावर गाळणी घासतेय (पिशवी सापडली). बांगड्या फुटल्या. कुणीतरी पंखा लावला. पंखा लावायला नको होता.

मग त्यांना मी दिसलो. पहिली समई कुणी मारली ते कळलं नाही. पाट मात्र सुलक्षणाने मारला, सपाट नाही, कडेने. दोघींनी पाय धरले. रुक्मिणीवहिनींनी जिवंत सोडवलं असं वाटलं, पण त्या हातातलं लाटणं नीट बसावं म्हणून जागा करत होत्या. गॅलरीत पळालो, तिथे वेल होती. वेलीत पडलो.

काशीरामांनी तबेल्यातून शेण आणलं. म्हणाले, ह्येच्यावर ह्योच उपाय. सगळ्या बायका पैठण्यांवर शेण चोळून ओळीने बसल्या होत्या. शुभाही. तिला म्हटलं, बघ, शेण, म्हणजे शेवटी सेंद्रिय मार्गच कामी आला.

तिने तिच्या वाटचं शेण मला मारलं.

२३ जानेवारी, शनिवार

शुभाच्या आईची पैठणी होती ती. काल कळलं. दोन्ही दंडांवर तिच्याच नखांचे ओरखडे, आग होते म्हणून रात्रभर ओल्या पंच्यात बसून होती. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तिला म्हणालो, पुढच्या वर्षी बिनखाजेची जात लावू. तिने पंचा पिळला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

२५ जानेवारी, सोमवार

सकाळी सबनीस वेलीवर रॉकेल घेऊन आला. मी मधे उभा राहिलो. म्हटलं, आधी मला पेटव. त्याने आधी मलाच ओतलं. काडी मात्र ओली निघाली. काशीरामांनी दोघांच्या मानगुटी धरून डोकी एकमेकांवर आपटली आणि म्हणाले, उद्या मीटिंगेत काय ता करा. टेंगूळ आलंय. रॉकेलने खाज कमी होते, हा नवा शोध.

हिशोब पक्का आहे. सिमेंटला वर्गणी पडणार, म्हणून जोशी, कुट्टी, शहा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माणिकताई सिमेंटच्या विरोधात. म्हणजे जंगलाच्या बाजूने. अकरा मतांपैकी शुभा धरून पाच. सहावं कुणीतरी तिकडून फुटेल. शुभाला विचारलं, भाषण काय करू. ती म्हणाली, करू नका. माझ्यावर एवढा विश्वास आहे तिचा.

२६ जानेवारी, मंगळवार

मीटिंग झाली. झेंड्याखालीच. डोक्याला बँडेज, त्यामुळे मी सैनिकासारखा दिसत होतो.

मी चाळीस मिनिटं बोललो. सात थर सांगितले. मग सबनीस उभा राहिला, एकच वाक्य बोलला: मागे सिमेंट घालायचं, कोण बाजूने? पाच हात वर झाले. काशीरामांचा झाला नाही! मी विचारलं नव्हतं, तेच म्हणाले, माती बुजव नकात, कधीतरी कोण तरी नीट लावतलो. म्हणजे माझ्याबद्दलच बोलत होते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पाच विरुद्ध पाच, आणि शुभा उरलेली. जिंकलोच!

एवढ्यात बघतो तर शुभाचा हात वर.

मी उठून उभा राहिलो. सबनीसला म्हटलं, हा हात मोजू नकोस, तिला अजून खाजतंय.

शुभा म्हणाली, आता खाजत नाही. मोजा.