भिंतीपलीकडचा गिझर

जळगाव
४ नोव्हेंबर १९९१

चि. रुपचंद यास कुंदाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. धुळ्यात नळवाल्या मिस्त्रीच्या हाताखाली लागलास, बरं वाटलं. किती टिकतोस ते बघूच.

इथे एकच घोर आहे. सासूबाईंचा दमा वाढलाय. डॉक्टर म्हणाले, घरात धूर अजिबात नको. आता आमची चाळीतली ही एक खोली, तिच्याच कोपऱ्यात मोरी आणि मोरीला चिकटून बंब. पहाटे पेटवला की दुपारपर्यंत धूर कोंडलेला. स्टोच्या वासानेही त्यांना धाप लागते. गार पाणी सोसत नाही, आंघोळीशिवाय देवाला हात लावत नाहीत आणि देवपूजेशिवाय चहा घेत नाहीत.

माझे जेठ गिरधर भाऊ पारोळ्याहून लिहितात, थंडी वाढायच्या आत मायला न्यायला येतो, आमच्याकडे बंब अंगणात पेटतो. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण सासूबाई म्हणतात, हाई मनं घर शे, एकदा मी गेले की तुम्ही माझी खाट काढून टाकाल. रुप्या, त्या दिवसभर मला बोलतात, माझ्या भाकरीला नावं ठेवतात. पण आपली आई गेल्यावर मला भाकरी शिकवली ती त्यांनीच. त्या गेल्या तर मी या खोलीत कोणाशी भांडू? एवढ्याशा जागेत विजेचा बंब बसतो का, मिस्त्रीला विचार.

पोटाला वेळेवर खात जा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी कुंदाअक्का

धुळे
९ नोव्हेंबर १९९१

ति. अक्कास रुपचंदचा शि. सा. न. वि. वि.

गिझर मिळाला! इथे स्टँडमागे एक लॉज बंद पडतोय, तिथला मिस्त्रीने काढून मला दिला. दुधाच्या मोठ्या कॅनएवढा आहे, उभा लटकतो. लॉजच्या मालकाने पोपट पाळलाय. दारात कोणी आलं की तो ओरडतो, खोली खाली नाही. मालकाला म्हटलं, तुमचा लॉज यानेच बुडवला. तो चिडला. मग मी पोपटाला पेरू आणून दिला, त्यात अर्धा दिवस गेला, मिस्त्रीही चिडला.

हां, तर गिझर. पाणी भरल्यावर जड होतो, भिंत जाड पाहिजे. तुमची मागची भिंत चांगली आहे, तिथे टांगू. खाली मोरी मोकळीच राहील. सासूबाईंना सांग, पारोळ्याला जाणारी पिशवी भरू नका म्हणावं. गुरुवारी येतो.

दाजींना नमस्कार. माया असू दे, आणि असेल तर शेवभाजीही असू दे.
तुझा रुपचंद

धुळे
१६ नोव्हेंबर १९९१

ति. अक्कास शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. चप्पल तिथेच राहिली आहे, यावरूनच समज मी कसा निघालो ते. घाबरून जी पहिली बस दिसली तीत बसलो, ती निघाली भुसावळची! नशिराबादला उतरलो, केळीच्या ट्रकवाल्याला हात केला. धुळ्यापर्यंत त्याने मला स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली, ती भेटलो की सांगतो.

पण माझं काय चुकलं? मागच्या भिंतीला श्रावणात तुमची कानबाई देवी बसते, म्हणून सासूबाईंनी तिथे छन्नी टेकवू दिली नाही. कॅलेंडरसुद्धा तुम्ही दारामागे लावता. ठीक आहे. मग शेजारची भिंत धरली. ती निघाली अर्ध्या विटेची. वर आढ्याजवळ चार ठोके मारले तर छन्नी आरपार. भोकातून बघतो तर पलीकडे तुमच्या शेजारीण भिकुबाई, आणि त्यांची बोंब, की माझ्या कानबाईच्या भिंतीला भोक पाडलं! तुमची कानबाई मी जपली गं. त्या भिंतीला पलीकडचीही बाजू आहे आणि तिकडेही कोणाची कानबाई बसत असेल, एवढंच डोक्यात आलं नाही.

आता गिझर मोरीत नुसता उभा असेल. तुम्हाला आंघोळीलाही जागा नसेल. गिरधर भाऊ कधी येणार? भिकुबाई शांत झाल्या का?

माया कमी झाली असेल तर उरलेली तरी ठेव.
तुझा रुपचंद

जळगाव
२१ नोव्हेंबर १९९१

चि. रुपचंद यास अनेक आशीर्वाद.

पळपुट्या, भिकुबाईंचा राग भोकाचा कमी आणि तू पळालास त्याचा जास्त आहे.

झालं असं, की पहिल्या दिवशी त्या आणि सासूबाई त्या भोकातूनच भांडल्या. सासूबाई खाटेवर बसून आणि त्या तिकडून, स्टुलावर चढून. दुसऱ्या दिवशीही भांडल्या, पण मधे विचारपूस होती. तिसऱ्या दिवशी भिकुबाईंनी सासूबाईंची खोकल्याची उबळ ऐकली आणि अडुळशाचा काढा घेऊन दारातून आल्या. एकट्या असतात रे, मुलगा सुरतेला. सांगत होत्या, पहाटे कोणाचा आवाज ऐकून वर्षं झाली.

मग त्यांनीच काढलं, की माझी खोली चाळीच्या टोकाची, बाहेरची भिंत चांगली जाड, पाण्याची टाकीही माझ्याच छतावर. गिझर माझ्याकडे टांगा आणि नळी या भोकातून तुमच्याकडे घ्या. सासूबाई म्हणाल्या, देवीच्या डोक्यावरून नळी कशी न्यायची? तर भिकुबाई म्हणाल्या, कानबाईला काय आंघोळ नको? यावर सासूबाई पदराआड हसल्या. हे मी प्रथमच पाहिलं.

अट एकच. श्रावणात ती भिंत लिंपून चुना द्यायला तूच यायचं.

गिरधर भाऊ येत्या रविवारी जीप घेऊन येताहेत. सासूबाईंनी लुगडी बांधून ठेवली आहेत आणि माझ्याकडे बघत नाहीत. त्याच्या आत ये. मिस्त्रीलाही आण, एकट्याने ठोकू नकोस.

वाट बघतेय, त्यातच लोभ समज.
तुझी कुंदाअक्का

जळगाव
२६ नोव्हेंबर १९९१

चि. रुपचंद यास अनेक आशीर्वाद.

शनिवारी नळी जोडून मिस्त्रीबरोबर गेलास. एक दिवस थांबला असतास तर डोळ्यांनी बघितलं असतंस.

गिरधर भाऊ सकाळीच आले. सासूबाई मोरीत होत्या, पडद्याआडून त्यांनी सांगितलं की थांब, माझं पाणी अजून संपलेलं नाही. बाहेर आल्या, पूजा केली, चहा घेतला. खोकल्या नाहीत असं नाही, पण धाप नव्हती. मग गिरधर भाऊंना म्हणाल्या, प्रवासातून आला आहेस, तूही आंघोळ कर. ते आत गेले ते बाहेरच येईनात. शेवटी पलीकडून भिकुबाई ओरडल्या, की पाव्हणा आख्खी टाकी रिकामी करतो का काय!

जेवताना भाऊंनी एकदाच विचारलं, की माय, मग कसं करायचं. सासूबाई म्हणाल्या, बठ्ठं चांगलं शे, भाकरी तेवढी कुंदाला अजून जमत नाही, ती शिकवायला मला राहावं लागेल. भाऊ माझ्याकडे बघून हसले. मी ताटाकडे बघत राहिले, डोळे भरले होते म्हणून.

दुपारी जीप निघाली तेव्हा सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. जीप वळेपर्यंत त्यांनी हात हलवला, मग आत येऊन लुगड्यांचं गाठोडं सोडायला बसल्या.

जिथे असशील तिथे सुखात राहा, आणि कार्ड टाकायला विसरू नकोस.
तुझी कुंदाअक्का