साहेबांच्या दाराची कुरकुर

जावक क्र. ११४
३ जून

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

जावक क्रमांक पाहून हसू नकोस. एकतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाच्या घरून कागद बिननंबरी बाहेर पडत नाही.

तू नोकरी सोडून दारांची कुरकुर घालवायचा धंदा काढलास, असं तुझ्या आईने कळवलं. मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अगं, ज्या कचेरीत मी अंगाला डाग न लागू देता नोकरी केली, तिथे शब्द टाकून तुला चिकटवलं होतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. साहेबांनी माझ्याखातर तुझी जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली आहे. पुन्हा रुजू होण्याचा अर्ज मीच लिहून सोबत जोडला आहे. तू फक्त सही कर.

रागावलेला, पण तुझाच,
मामा

(प्रत माहितीसाठी: तुझी आई)

९ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

अर्ज मिळाला. अक्षर इतकं देखणं आहे की खाली माझी सही करून ते बिघडवायला हात धजेना. म्हणून तूर्त भिंतीवर लावलाय.

मामा, कचेरीत मला त्रास काहीच नव्हता. पण दिवसभर काय केलं, ते संध्याकाळी कुणाला दाखवता येत नसे. दार दाखवता येतं. सकाळी ओरडत असतं, दुपारी गप्प होतं. दंतवैद्यांची खुर्ची परवा गप्प केली. तिच्या आवाजानेच निम्मे रोगी तोंड न उघडता परत जायचे. गाण्याच्या बाईंचं स्टूलही झालं. आणि शेवटच्या दिवशी आठवण म्हणून साहेबांच्या केबिनचं दार फुकटात गप्प करून आले. कौतुक तरी करा.

मामींना नमस्कार. तुमच्या आरामखुर्चीवर डोळा ठेवून असलेली,
भिंगरी

जावक क्र. ११५
१३ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

कौतुक करीत नाही. दोन गिऱ्हाइकं आणि एक दार फुकट, याला धंदा म्हणत नाहीत, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. माझ्या खुर्चीला हात लावू नकोस. अर्ज भिंतीवरून काढ, सही कर, पाठव.

मामा

२१ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचंच खरं झालं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी स्वयंपाकघरातलं कपाट गप्प करून घेतलं. दुसऱ्याच दिवशी आजी तणतणत खाली आल्या. आजोबांना गोड बंद आहे आणि कपाट वाजलं की आजींना कळायचं. कुरकुर होती तशी परत हवी म्हणाल्या. घालवायला दहा मिनिटं लागली होती, परत बसवायला अख्खी दुपार गेली. तेल पुसलं, स्क्रू अर्धा फेरा सैल केला, बिजागरीत चिमूटभर बारीक वाळू टाकली, तेव्हा कुठे ओळखीचा आवाज निघाला. आजी खूश झाल्या. आजोबा जिन्यात भेटले तर तोंड फिरवतात.

त्यानंतर कुणी फिरकलेलं नाही. अर्ज सही करून पाठवते आहे. सही वाकडी आली, कारण मी रडत होते. तुमचा शब्द खाली पडू नये, एवढंच.

तुमची,
भिंगरी

२८ जून

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

या पत्राला जावक क्रमांक नाही आणि आईला प्रतही नाही. वाचून फाडून टाक.

तुझा अर्ज घेऊन कचेरीत गेलो. साहेब केबिनमध्ये होते, म्हणून माझ्या जुन्या खुर्चीवर टेकलो. सवयीने डोळा लागला. उघडला तर साहेब पुढ्यात उभे. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. झोपणं नव्हे, सापडणं.

आता लपवण्यात अर्थ नाही. साहेब चार बदलले, दार तेच राहिलं. ते कुरकुरलं की अकराच्या अकरा जण जागे होऊन फाइलीत डोकं घालायचे. माझ्या बिनडाग नोकरीचं श्रेय त्या बिजागरीला आहे. तू ती गप्प केल्यापासून नऊ जणांना मेमो मिळाले. साहेबही रडकुंडीला आलेत, कारण ते मेमो त्यांनाच लिहावे लागतात. हे दाराचं गुपित तुला ठाऊक नव्हतं, म्हणजे तू तिथे खरंच काम करत होतीस. तुझं तिथे निभलं नसतंच.

तू रुजू कधी होणार, असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, ती रुजू होणार नाही. ती येईल, काम करील आणि जाईल. हे म्हणताना मला तुझा अभिमान वाटला, तो इथे लिहून ठेवतो.

तुझा अर्ज सोबत परत पाठवला आहे. मागची बाजू कोरी होती, तिथे दाराची ऑर्डर लिहिली आहे. खाली अकरा जणांच्या सह्या आणि बारावी साहेबांची.

सोमवारी ये. मीही तिथे असेन. कुरकुर जुनीच हवी, असं सगळ्यांचं म्हणणं आहे, आणि नमुना मी तोंडाने काढून दाखवणार आहे.

तुझ्या धंद्याचा पहिला एजंट,
मामा