दारापाशीचा नमुना

प्रिय दादा,

१. गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला बाहेरून येणाऱ्या स्प्रिंगांवरचं आयात शुल्क वाढलं.
२. महिनाअखेर बाबांच्या कारखान्यातल्या स्प्रिंगांची मागणी दुप्पट झाली.
३. एक तारखेपासून भट्टीत एका वेळी दुप्पट माल जाऊ लागला. वेळ तेवढाच ठेवला.
४. काल दुपारी माझ्या टेबलावरची स्प्रिंग तुटली. तिला कोणी हात लावला नव्हता.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र ड्रायव्हरकाकांच्या हाती देते आहे. जेवताना या शुल्कावरून झालेलं ते भांडण आठवतं ना? बाबा म्हणाले होते, "बाहेरच्या स्प्रिंगा आणून तुझ्या लिफ्टवाल्या गिऱ्हाइकांचे चार पैसे वाचावेत म्हणून माझी माणसं घरी बसवू?" तू म्हणालास, "समोर बाहेरचा माल नसला की तुमचा हात ढिला पडेल, बाबा. मग मोजपट्टी काय मोजणार?" मोजपट्टी म्हणजे मी, बाबांचा माल तपासणारी. मला तेव्हा हसू आलं होतं. तू उठून गेलास, आणि आईने तुझं ताट दोन दिवस झाकून ठेवलं.

शुल्काची बातमी आली तेव्हा बाबांनी भोंगा दोनदा वाजवायला लावला. कामावरून कमी केलेले अकरा जण परत आले. तार वळणारे काका मशीनवर हात ठेवून रडले. ते मी पाहिलं आहे, म्हणून बाबा चुकले असं मी लिहिणार नाही.

चूक तपासणीत आहे. स्प्रिंग आधी कडक करतात, मग ठिसूळपणा जाईपर्यंत भट्टीत पुन्हा तापवतात. तपासायचा नमुना आमच्याकडे पहिल्यापासून भट्टीच्या दारापाशीचा. हात पोचतो, चटका बसत नाही. भट्टी अर्धी भरलेली असायची तोवर आत-बाहेर सारखंच तापायचं. आता मधल्या मालाला पुरती आच लागत नाही, तो ठिसूळच राहतो आणि ठेवल्या जागीही तडकतो. दारापाशीचा मात्र उत्तम निघतो, आणि तीन आठवडे मी तोच तपासला. तुटलेली स्प्रिंग मधल्या रांगेतली होती. कागद उडू नयेत म्हणून मी सहज उचलून आणलेली.

तुकडे बाबांना दाखवले. त्यांनी ते खिशात टाकले. म्हणाले, "एक तुटली म्हणजे सगळ्या तुटतात का? आत्ता माल थांबवला तर पहिला तुझा दादाच हसेल." आज मालाची गाडी नेहमीपेक्षा तासभर आधी सुटली. तपासणीचे कागद माझ्याकडे आलेच नाहीत.

मग मी पाठवणीची वही चाळली. गेल्या आठवड्यात लिफ्टच्या ब्रेकसाठी चाळीस स्प्रिंगा गेल्या. नाव परक्याचं आहे, पण पत्ता तुझ्या गोदामाचा. शुल्कामुळे तुझी बाहेरची वाट बंद झाली, एवढंच मी त्यातून समजले. बाबांना हे माहीत नाही. आज संध्याकाळी मी त्यांना वही दाखवणार आहे. ते काय करतील ते मला सांगता येत नाही. चाळीसही स्प्रिंगांच्या दाखल्यावर सही माझी आहे. नव्या दवाखान्याची लिफ्ट शनिवारी सुरू होणार, असं तिथल्या फलकावर वाचलं. खाली तुझ्या दुकानाचं नाव होतं. ती सुरू करू नकोस. चाळीसपैकी किती स्प्रिंगा बसवल्यास आणि कुठे, ते शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळव.

तुझीच,
मोजपट्टी