पेलाग्याच्या पंखावरची करंगळी

१२ फेब्रुवारी, लठ्ठ गुरुवार, उपवासांआधी पोटभर गोड खायचा दिवस

चोर! दुसरा शब्दच नाही.

आदेलाने जेवायच्या टेबलावर फोन माझ्या नाकासमोर धरला. दुसऱ्या हातात पोंचेक, गुलाबाचा मुरंबा भरून तळलेला गोळा, आज चौथा. त्याची साखर सगळी माझ्या मांडीवर. "बघ, तुझं बदक!"

पेलाग्या! आमच्या बाहुलीपटांतलं बदक, डोक्यावर कंडक्टरची टोपी, गळ्यात तिकिटांची पिशवी, ट्रामच्या पायरीवर उभी. चित्र थरथरतंय, कडा पिवळ्या. कुणा 'तिकीटपंच' नावाच्या महाभागाने त्या काळी संध्याकाळी सातला टीव्हीवरून टेप करून ठेवलं, आणि आता सगळेच्या सगळे भाग उचलून जगासमोर मांडलेत. फुकट.

"कुणाला विचारून?" मी म्हटलं.

"कुणाला विचारणार? टीव्हीवर लागत नाही, दुकानात मिळत नाही. तू काय घरोघरी जाऊन नाचून दाखवणार आहेस?"

मोठी बहीण आहे म्हणून ऐकून घेते. आणि वर म्हणते, "पंख माझ्या टोपीचे आहेत, विसरू नकोस." हो, आहेत. तिची हिरवी फेल्टची टोपी कापूनच पंख केले होते मी. इतकी वर्षं ऐकवतेय.

१३ फेब्रुवारी

खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. वाचायला नको होत्या.

कोण आहेत हे लोक? चाळिशी उलटलेले बाप्ये. फोटोत टक्कल आणि पोट, आणि लिहितात काय — 'पेलाग्या, माझं बालपण!' अरे, बालपण तुझं, बदक माझं! एकजण गाडी चालवायला शिकवतो म्हणे, शिकवणीच्या गाडीत पेलाग्याची घंटा बसवली आहे. दुसरीने दंडावर गोंदवून घेतलंय. चोच चुकीच्या बाजूला.

आणि वर तोरा! 'आम्ही जपतो आहोत.' दुसऱ्याच्या अंगणातली सफरचंदं तोडायची आणि म्हणायचं, कुजली असती ना.

२० फेब्रुवारी

महापालिकेतून फोन. ओत्सेप नावाच्या बाई. शहरात कार्टूनमधल्या प्राण्यांचे छोटे पितळी पुतळे बसवताहेत, आता पेलाग्याची पाळी. ट्राम डेपोच्या फाटकाशी, एक जूनला, बालदिनी. खाली पाटी असणार.

"पाटीवर कुणाचं नाव घालू?" बाईंनी विचारलं. "स्टुडिओकडून गेरार्ड क्वोस एवढंच आलंय. पण एक म्हातारे कॅमेरामन म्हणाले, तुम्हालाही विचारा."

शीर्षकांत काय यायचं ते सांगितलं — 'गेरार्ड क्वोस आणि मंडळी'. ती मंडळी म्हणजे मी! लिंडेनच्या लाकडाची चोच मी कोरली, पंख मी शिवले, तिचं ते डुलत चालणं माझं. गेरार्ड खुर्चीत बसून सिगारेट ओढायचा आणि 'अजून जरा उदास' म्हणायचा. देव त्याला शांती देवो, माणूस वाईट नव्हता, आळशी होता.

"काही पुरावा मिळेल का, बाई? नुसत्या सांगण्यावर नाव घालता येत नाही."

मेज पुसलं, भांडी घासली, पुन्हा मेज पुसलं. त्या पाटीवर माझं नाव हवं. हवंच. एवढं आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही.

२ मार्च

चोरांनी पाहुणे शोधून काढलेत!

हे आमच्या खोलीबाहेर कुणाला माहीत नव्हतं. बाहुली केसभर हलवायची, हात मागे घ्यायचा, फोटो. पुन्हा हलवायची, हात मागे, फोटो. दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत डोकं बधिर व्हायचं आणि कधीतरी हात मागे घ्यायचाच राहायचा. फिल्म धुऊन आली की बदकाच्या पंखावर माणसाची बोटं! तो फोटो कापला तर पाऊल संगीतातून सुटायचं, म्हणून तसाच ठेवायचो. पडद्यावर पापणी लवायच्या आत निघून जातो. त्याला आम्ही 'पाहुणा' म्हणायचो. ज्याचा पाहुणा, त्याने दुसऱ्या दिवशी खसखशीचा केक आणायचा. मी पुष्कळ केक आणलेत.

आणि या रिकामटेकड्यांनी एकेक फोटो थांबवून सगळे पाहुणे गोळा केलेत. कुणाचा हात कुठल्या भागात, त्यावर पानंच्या पानं वाद. माझा हात त्यांच्यात प्रसिद्ध आहे. 'वाकडी करंगळी' म्हणतात. (ट्रामच्या दारात सापडली होती, शाळेत असताना.) 'जिन्यावरून उतरणारी पेलाग्या म्हणजे वाकडी करंगळीच, दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं.' बरोबर आहे. जमलं नसतं.

आणि त्यावर तो तिकीटपंच लिहितो — 'आठव्या भागातला हात नक्की पुरुषाचा. एवढा रुंद पंजा बाईचा नसतो.'

पुरुषाचा हात!! गाढव.

८ मार्च

महिलादिन. ओल्गेर्द ट्युलिप घेऊन आला. गेरार्डचा पुतण्या, आता स्टुडिओ तोच चालवतो. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून लाकडाचे तुकडे चोखायचा. आता सूट, आणि पायात इतके टोकदार बूट की चीज कापता येईल.

"मावशी, तू अजून तश्शीच दिसतेस!"

"काम बोल."

काम असं — त्या चोरांवर तक्रार करायची. सगळे भाग काढून टाकायला लावायचे, पुन्हा कुणी चढवले तर आपोआप निघतील अशी सोय करायची. "पण मावशी, काका गेले. मेलेल्या माणसाचं नुकसान कुणाला पटत नाही. जिवंत निर्माता हवा, ज्याच्या पोटावर पाय आलाय. तू सही कर, बाकी आमचा वकील बघतो."

"आणि पाटीवर माझं नाव?"

"अगं, ते बघू की. घरचीच गोष्ट आहे."

सही केली. आनंदाने केली! पुरुषाचा हात म्हणतात काय!

आदेला स्वयंपाकघरातून ओरडली, "ल्युत्सा, वाचलंस का काय आहे ते?" नाही वाचलं. चष्मा त्या खोलीत होता.

१९ मार्च

गेले. सगळे भाग गेले! काळा चौकोन, त्यावर बारीक अक्षरं, बस. पाहुण्यांचा संग्रहही गेला.

आदेला आंबट सूप ढवळत म्हणाली, "अभिनंदन. आता मी काय बघू, तुझं तोंड?"

तिकीटपंचाने दुसरीकडे लिहिलंय, टेप करताना आई बाजूला खोकायची तो खोकला आहे त्यात, म्हणून ठेवल्या होत्या. तर काय मी रडू? आमच्या आवाजावर तुझ्या आईचा खोकला, तोही फुकट. रडतील चार दिवस, मग दुसरं बदक पकडतील.

२४ मार्च

खरं सांगायचं तर मजा येत नाहीये. दुसऱ्या कुठल्याही पानावर ते माझ्या जिन्याबद्दल बोलत नाहीत आता. कुणीच बोलत नाही.

१४ एप्रिल

ओत्सेपबाईंना भेटले. केस आखूड, टेबलावर काकडीचं लोणचं उघडं, वागायला सरळ. मी पुराव्याचं सांगितलं — माझा हातच आहे की चित्रात! आठवा भाग, जिना, ही करंगळी. बाईंनी माझ्या करंगळीकडे पाहिलं. "झकास! स्टुडिओकडून प्रत मागवते. पाटी वीस मेला ओतायला जाईल, तोपर्यंत दाखवा म्हणजे झालं."

घरी येताना ट्राममध्ये हसू येत होतं.

२१ एप्रिल

स्टुडिओची प्रत आली. 'स्वच्छ केलेली.' ओत्सेपबाई, मी आणि ओल्गेर्द, तिघांनी पाहिली. रंग असे की दात दुखावेत. आठवा भाग. जिना. एकेक फोटो थांबवत गेलो.

पाहुणा नाही.

पुन्हा पाहिलं. नाही. हाताच्या जागी पंख, गुळगुळीत, नवा, आदेलाच्या टोपीचा नसलेला.

"ते दोष होते, मावशी. यंत्राने सगळे काढले. आता एकदम स्वच्छ!"

"मूळ फिल्म दाखव."

"ती गोदामात बंद आहे. उगाच उघडली तर खराब होईल." मग बाईंकडे वळून, माझ्या समोर, हळू आवाजात — "मावशींनी खूप मदत केली हो काकांना. शिवणकाम वगैरे. पण निर्माता एकच असतो. पेलाग्याची खेळणी काढतोय, त्यांच्यावरही एकच नाव छापायचंय आता."

शिवणकाम वगैरे!

माझा हात दोष होता म्हणे. आणि जिथे तो होता तसा होता, ते मी स्वतः बंद पाडलं. चोरांनी बदक नेलं, पण हात होता तिथे ठेवला. याने हातच नेला, आणि मी त्याला मावशी म्हणू देते. टेबलाखाली लाकूड चोखत होता तेव्हाच लाथ घालायला हवी होती.

२२ एप्रिल

आदेलाने न मागता चहा आणून ठेवला. न मागता म्हणजे फारच वाईट.

५ मे

लाज सोडली. चाहत्यांच्या पानावर लिहिलं, माझ्या खऱ्या नावाने — 'आठव्या भागाची जुनी प्रत कुणाकडे आहे का? मी वाकडी करंगळी.' सोबत हाताचा फोटो. आदेलाने काढला, तिचा अंगठाही आलाय त्यात. पाहुणा!

जी उत्तरं आली ती इथे लिहीत नाही. 'तूच ना ती, सगळं बंद पाडणारी?' ही त्यातली सभ्य.

शहाणे सगळे! कायदा शिकवतात मला. पण उत्तर द्यायला तोंड कुठे आहे?

११ मे

तिकीटपंचाचं पत्र आलं फोनवर. तोच तो गाडी शिकवणारा, बिदगोश्च गावचा, नाव एउझेब्यूश. असलं नाव असल्यावर माणूस टोपणनाव घेणारच.

'बाई, तुमच्यामुळे माझं पंधरा वर्षांचं काम गेलं. तुम्हाला काही देऊ नये असं सगळ्यांचं मत आहे. माझंही. पण फोटो मोठा करून पाहिला. नख अर्धं आहे ना, डाव्या बाजूला? आठव्यातही अर्धंच आहे.' खाली तो भाग.

उघडला. जिना. पेलाग्या उतरते, एक पायरी, दुसरी, आणि तिसरीवर माझा हात. तरुण. रुंद आहे खरा पंजा. मागे त्याची आई खोकते.

रडले. हो, रडले. आभाराचं लिहायला बसले, चार वेळा खोडलं. 'मिळाला' एवढंच लिहिलं.

१८ मे

ओत्सेपबाईंच्या यंत्रात फाइल उघडेना. कुठेतरी चढवा आणि पत्ता पाठवा, म्हणाल्या. आदेलाने दाखवलं कसं चढवतात ते. म्हणजे मी, ल्युत्सिना व्झोस, स्वतःचं बदक चोरून चढवते आहे. शीर्षक दिलं: 'आठवा भाग, हातासकट.' पत्ता पाठवून दिला.

"हुश्श," आदेला म्हणाली. "आता तूही चोर."

१९ मे

सकाळी पाहिलं. काळा चौकोन. माझ्याच तक्रारीची ती आपोआप निघायची सोय! बाईंनी उघडलं असेल का त्याआधी? फोन लावायचं धाडस होत नाही. पाटी उद्या ओतायला जाते.

२० मे

ओत्सेपबाईंचाच फोन. हसतायत. "बाई, तुमचा हात काही पाहायला मिळाला नाही. काळ्या चौकोनावरचं मात्र वाचलं. तुम्ही वाचलंत का?"

चष्मा लावला. 'पेलाग्याच्या निर्मात्या ल्युत्सिना व्झोस यांच्या हक्कांच्या रक्षणासाठी हा भाग काढला आहे. — ओल्गेर्द क्वोस, स्टुडिओच्या वतीने.'

"त्यांनीच लिहून दिलंय की! तुमचं नाव घातलं पाटीवर. क्वोसांच्या वर, वर्णक्रम गेला उडत."

२१ मे

निर्माती मी, तर तक्रार मागे घेणारीही मीच. घेतली. या वेळी वाचून सही केली. सगळे भाग परत आले, पाहुण्यांसकट, खोकल्यासकट. ओल्गेर्द फोनवर फोन करतोय, वाजू दे.

तिकीटपंचाने लगेच लिहिलंय: 'आठव्यातला हात बाईचा आहे, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.'

खोटारडा!