शेवटचं पाणी पाजू न देणारी सून

पुणतांबा,
९ डिसेंबर २०२५

सौ. सुकन्याताई यांस,
वहिनीचा नमस्कार. अंगदरावांनाही सांगा. "वन्सं" म्हटलं की तुम्हाला म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणून ताईच लिहिते. दिशाचा फोटो वाल्मिकच्या मोबाईलवर बघितला. नाक तुमचंच आहे, बिचारी!

आमच्या घरचा फोन तुम्ही उचलत नाही, तेव्हा हे पत्रही वाल्मिकच्याच हाती देते आहे. त्याचा टेम्पो कांदा घेऊन तुमच्या बेलापूरकडे निघालाय. इकडे सगळं ठीक. थंडी चांगली पडली आहे, गव्हाला मानवेल. ओम शाळेत जातो आणि घरी आल्यावर पुस्तकाला हात लावत नाही. आईंचे गुडघे दुखतात, पण भांडायला लागल्या की दुखायचे थांबतात. आप्पा बरे आहेत.

बरे आहेत म्हणजे आता बरे आहेत. दिवाळीनंतर तुमच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, ताई. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. नगरला दवाखान्यात ठेवलं होतं. घरी आणलं तशी मी राहात्याच्या नोकरीवर रजा टाकली.

मी नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला तेव्हा आप्पा काय म्हणाले होते, ते तुमच्या कानावर आलंच असेल. "लोकाची घान काढाया शिकती ही." आता स्वतःवर वेळ आली तर मला जवळ येऊ देईनात. सुनेनं सासऱ्याचं अंग पुसायचं म्हणजे त्यांच्या लेखी जगबुडीच. मी अंगावर चादर तशीच ठेवून खालून पुसायची, आणि हात लावायच्या आधी सांगायची, "आप्पा, आता पाठ पुसते." कूस बदलायची, पाठ, टाचा लाल झाल्यात का बघायचं. शिव्या खात खात सगळं केलं. शिव्या स्पष्ट येतायत म्हणजे जीभ सुधारतेय, असं आईंना सांगून दोघी हसायचो.

मग एका दुपारी मी मागं कपडे वाळत घालत होते. भेटायला आलेल्या कुणीतरी मायेनं आप्पांना झोपल्या जागीच शिरा भरवला. अशा माणसाचा घास लुळ्या गालात राहतो आणि त्याला कळतही नाही. मी आत आले तर आप्पा काळेनिळे पडलेले, घशात घरघर. बायकांनी रडायला सुरुवात केली होती आणि भीमाकाका वाटीत गोदावरीचं पाणी अन् तुळशीचं पान घेऊन उभे.

"त्वांड उघडा त्याचं," काका म्हणाले. "पानी घालू द्या. जीव आडकलाय."

ताई, जीव नव्हता अडकला, शिरा अडकला होता! मी काकांचा हात धरून बाजूला सारला. वाटी सांडली. सासरच्या वडीलधाऱ्याचा हात, तोही शेवटचं पाणी पाजणारा! मी आप्पांना कुशीवर वळवलं, दिसत होता तेवढा घास कपड्यानं काढला, पाठीवर जोरात थापट्या मारल्या. ठसका लागला, शिरा बाहेर पडला, रंग परत आला. तशीच गाडी करून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. छातीत थोडं गेलं होतं, औषधानं निवळलं.

आता आप्पाच आल्या-गेल्याला दटावतात, "आदी बशीव मला, मंग दे." भीमाकाका माझ्याशी अजून बोलत नाहीत. पण परवा त्यांनीच पाठीला उशी लावून आप्पांना बसवलं, हनुवटी खाली करायला लावली आणि चमच्या-चमच्यानं चहा पाजला.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. त्या रडारडीत आई म्हणाल्या, "सुकीला कळवा रं." आणि कुणी फोन हातात घेतला नाही. तुम्ही अंगदरावांशी लग्न केलंत तेव्हाचं आप्पांचं बोलणं सगळ्यांना पाठ होतं, "माज्या मातीलाबी तिला बोलवायचं न्हाई." तुमच्या दादांनीसुद्धा मान खाली घातली. आप्पा गेले असते तर तुम्हाला तिऱ्हाइताकडून कळलं असतं. मला याचा फार संताप आला, अजून येतो. नवऱ्याशी कडकडून भांडले आहे.

काल आप्पांना अंगणात चालवत होते. कमरेला उपरणं बांधलेलं, लुळ्या बाजूला मी, उपरणं मुठीत. चालता चालता थांबले. दम लागला असेल म्हणून खुर्ची ओढली, तर बसेनात. समोर बघत म्हणाले, "सुकीची बारकी चालाया लागली का गं?"

तुम्हाला बारकी आहे हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. आई तर आपण नाही सांगितलं म्हणून शपथ घेतात.

त्यांनी तुम्हाला बोलावलंय, असं खोटं लिहिणार नाही. बोलावलेलं नाही. एवढंच विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं, "विचारून सांगते" म्हणाले. आज सकाळपासून मी समोर दिसले की सुरू होतात, "इचारलं का?"

चिठ्ठीनं कळवू नका, वाल्मिकजवळ निरोपही देऊ नका. तिला घेऊन या आणि अंगणात सोडा, त्यांचं ते बघतील. बोलावणं माझं समजा. कुणी काही बोललंच, तर दारात मी उभी आहे.

आप्पांना उत्तर द्यायचं राहिलेली,
तुमची सविता