हातभर हिरवी तार

आई,

तुझा तो अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन तुला खरंच चावत होता. हे सांगायला मला उशीर झाला; तुला जाऊनच बावीस वर्षं झाली.

दीक्षितपुऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघराचं आता मॉड्युलर किचन होतंय. म्हणजे तू जे जे हाताशी ठेवलं होतंस ते ते दाराआड लपवायचं. ओव्हनसुद्धा कपाटात बसणार. त्याला वेगळी लाइन लागते, वेगळा स्विच, आणि सुटा करंट जमिनीत उतरवणारं पक्कं अर्थिंग. पनागरहून येणारा इलेक्ट्रिशियन काल दुपारी जुन्या बोर्डाशी बल्ब घेऊन बसला होता. बल्बची एक तार फेजला, दुसरी अर्थिंगला. बल्ब पेटेना. त्यानं बोर्ड उघडला, आतली हिरवी तार चिमटीत धरून ओढली, आणि ती सरळ बाहेर आली. हातभर. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. "दीदी, ये तो सिर्फ दिखाने का है," तो म्हणाला. "यहाँ किसी को करंट नहीं लगता था क्या?"

मी तिथेच पिठाच्या डब्यावर बसले. कारण ही वायरिंग बाबांनी स्वतः केलेली. वीज खात्यातला माणूस, गल्लीत कोणी नवा पंखा आणला तरी अर्थिंगवर व्याख्यान देऊन येणारा. तू ओव्हनला हात लावतेस, दचकतेस, "चावला मेला" म्हणतेस. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "ओल्या हातानं काहून लावून राहिली?" तू पदराला हात पुसतेस, पुन्हा पुसतेस, फुंकर घालून वाळवतेस. तरी चावतो. मग तू गप्प होतेस, आणि मी पाहुण्यांसमोर तुझ्या दचकण्याची नक्कल करते; बाबाही हसतात. लोकांची टवाळी करून पोट भरण्याचा माझा धंदा तिथेच सुरू झाला. पहिला विषय तू.

तार घेऊन मी बाबांसमोर उभी राहिले. ऐंशी उलटलेत, दिवाणावर बसून असतात. चूक झाली म्हणतील असं वाटलं होतं, आणि चूक मी पोटात घातली असती.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "अर्थिंगचा खड्डा करायचा होता. अंगणात नवी फरशी बसवली होती, फोडायचं जिवावर आलं. मग राहूनच गेलं."

"आईला काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तिनं ओव्हन लावला असता का?" मग म्हणाले, "नानकटाई छान करायची ती."

जन्मभर खोचक उत्तरं विकली मी, आई. वाकडं बोलले असते तर मोकळी झाले असते; ती तार बोटाभोवती गुंडाळत राहिले. आतून इलेक्ट्रिशियननं विचारलं, नया अर्थिंग कहाँ करें? म्हटलं, अंगणातली फरशी फोडा. आज सकाळपासून घण पडतोय आणि बाबा पेपर वाचताहेत.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. दहावीच्या सुट्टीत तू बाजारात गेली होतीस तेव्हा मी तो ओव्हन लावला होता. हात कोरडे ठणठणीत होते. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तू परत आलीस, माझं तोंड पाहून विचारलंस, "काय झालं गं?" मी म्हटलं, कुठे काय. बाबांबरोबर हसणाऱ्यांत राहायचं होतं मला.