बेकलाइटवरची काळी रेघ

१ ऑक्टोबर १९४६, माधवनगर
गिरणीत वायरमन म्हणून लागलो. महिनाभर घोटाळा झाला नाही तर नोकरी कायम. फौजेत दोन वर्षं वायरी ओढल्यात, घोटाळा कसला होतोय! इथला स्विचबोर्ड नवाकोरा, बेकलाइटचा. त्यातून वीज जात नाही म्हणजे नाही.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी
मागांबरोबर बोर्डाचीही पूजा केली. ओलं हळदकुंकू, वर नारळाचं पाणी शिंपडलं. पुसणार होतो, पण देवाचं लगेच पुसू नये.

७ ऑक्टोबर
माग चालवणारा रसूल म्हणाला, केरबाभाऊ, बोर्डाचं हँडल धरलं की हाताला मुंग्या येत्यात. म्हटलं, चहा कमी कर.

८ ऑक्टोबर
बोर्ड बघितला. दोन स्क्रूंच्या मधे काळी रेघ, मुळीसारखी फाटे फुटलेली. कापसाची भुकटी चिकटली असणार. फडक्याने जाईना. चाकूने खरवडली तर खालीही काळंच. म्हणजे कंपनीच्या मालातच खोट.

१० ऑक्टोबर
रेघ हँडलापर्यंत आली. शेवटी फौजी उपाय. वरून काळं बूटपॉलिश मारलं. बोर्ड लखलखीत, रेघ गायब! रसूल सदऱ्याचं टोक गुंडाळून हँडल ओढतो. भित्रा गडी.

११ ऑक्टोबर, सकाळी ११
बोर्डातून चरचर. जळका वास. रसूल म्हणाला, आवं, माग बंद करा, कुनी तरी मरंल हितं. बंद केले तर मॅनेजर नानासो कारण विचारणार. पण बेकलाइट आहे, काय होणार?

दुपारी २
ठरलं. उद्या नानासो पाहणीला आले की सगळ्यांसमोर उघड्या हाताने हँडल धरून दाखवतो. एकदाची तोंडं बंद होतील.

१२ ऑक्टोबर
डाव्या हाताने लिहितोय. धरलं. हात सुटेना, ओरडताही येईना. वाटलं, संपलो. रसूलने सुकी लाकडी फळी हाणून हात सोडवला. तळवा भाजलाय.

नानासोंनी बोर्ड उघडला. म्हणाले, ओल्यावरून वीज सरकली, बेकलाइट जळून कोळसा झाला, आता कोळशातनं वीज चालती. मग विचारलं, आधी कुनी सांगितलं न्हाई व्हय रं तुला?

रसूल खाली बघत उभा होता.

मी म्हणालो, नाही, कुणीच नाही.

नानासो रसूलवरच उखडले. रोज हँडल तू वडतोस, तुला कळलं न्हाई? माझी नोकरी राहिली.

इथे तरी खरं लिहितो. त्याने दोनदा सांगितलं होतं.